शब्दांची कूळकथा : आचंद्रार्क

'कीर्ती आचंद्रार्क टिकेल' असं भाषणात ऐकलंय ना? हा शब्द जरा फोडून बघू. 'आ' म्हणजे पर्यंत, चंद्र ओळखीचाच आणि 'अर्क' म्हणजे सूर्य. (औषधाचा अर्क वेगळा, तो अरबीतून आला!) चंद्र-सूर्य असेपर्यंत, म्हणजेच कायमचं.

१२व्या शतकात कोल्हापुरात शिलाहार राजे होते. त्या काळी दान दिलेली जमीन कुणी परत घेऊ नये, म्हणून दगडावर लेख कोरत आणि वर चंद्र-सूर्य काढत. जणू तेच साक्षीदार!

राजे गेले, चंद्र-सूर्य आहेत. दगड मात्र आपणच सांभाळले तर टिकतील. गावच्या देवळापाशी असा दगड दिसला, तर चंद्र-सूर्य जरूर शोधा. पण त्यावर आपलं नाव कोरू नका हं!