आबा, तुम्ही त्या यानात बसला असता का?

समजा, उद्या संध्याकाळी कुणीतरी तुमच्या आजोबांकडं आलं आणि म्हणालं, ‘चला आमच्यासोबत. तिकडं आजारपण नाही, म्हातारपण नाही, मरण नाही. फक्त परत यायचं नाव काढायचं नाही.’ काय करतील ते? आणि निघालेच, तर तुम्ही काय कराल?

प्रश्न माझा नाही. तो १९८५ साली आलेल्या ‘ककून’ या हॉलिवूडपटाचा आहे. सायन्स फिक्शन म्हटलं की आपल्याला लेझर गन, स्फोट आणि न्यूयॉर्कची लागलेली वाट आठवते. रॉन हॉवर्डच्या या सिनेमात तसलं काही नाही. फ्लोरिडातला एक वृद्धाश्रम आहे. तिथले तीन म्हातारे शेजारच्या रिकाम्या बंगल्यातल्या स्विमिंग पूलमध्ये चोरून पोहायला जातात. एक दिवस पाण्याच्या तळाशी मोठमोठे दगडासारखे कोश दिसतात. त्यांत परग्रहावरचे जीव झोपलेत, हजारो वर्षांपूर्वी इथं मागं राहिलेले. त्यांना घरी न्यायला त्यांचे सोबती आलेत आणि त्यांच्यासाठी पाण्यात जीवनशक्ती भरून ठेवली आहे. म्हाताऱ्यांना यातलं काहीच माहीत नाही. ते आपले उड्या मारतात आणि बाहेर येतात ते वेगळेच होऊन. गुडघे दुखत नाहीत, एकाचा कॅन्सर जातो, दुसरा थेट ब्रेकडान्स करतो. तो डान्सवाला डॉन अमिची. त्याला या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, सत्तरी ओलांडल्यावर.

आणखी एक गंमत. यातला ‘आजोबा’ बेन झालेला विल्फर्ड ब्रिमली सिनेमा आला तेव्हा फक्त ५० वर्षांचा होता. इंटरनेटवर याचीच ‘ब्रिमली-ककून लाइन’ झाली आहे. तुमच्या वयाचे १८,५३० दिवस भरले की तुम्ही तेव्हाच्या ब्रिमलीपेक्षा मोठे! शाहरुखनं ती लाइन कधीच ओलांडली आणि ५७ व्या वर्षी ‘पठाण’ केला. आपल्याकडं मात्र म्हातारं माणूस पडद्यावर आलं की त्याला रडवायचंच, असा काहीतरी नियम आहे. ‘नटसम्राट’ पाहून मीही ढसाढसा रडले आहे, तक्रार नाही. पण ‘उत्तरायण’सारखा, उतारवयातल्या माणसांना प्रेमबिम करू देणारा मराठी सिनेमा आठवायला तुम्हालाही जरा वेळ लागेल.

मी ‘ककून’ पहिल्यांदा पाहिला सेकंड इयरला, असाइनमेंटसाठी, १.५ स्पीडवर. ‘गोड आहे, पण स्लो आहे’ असं लिहिलं आणि मार्क्सही बरे पडले. परवा मे महिन्यात चार दिवस बोरीला गेले तेव्हा तोच सिनेमा आबांना दाखवला. बोरी म्हणजे जिंतूर-परभणी रस्त्यावरचं आमचं गाव. रात्री नऊलाही भिंती तापलेल्या, लाईट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी निम्मी. आबांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी शेजारी बसून डबिंग आर्टिस्ट. आबा मान एका बाजूला कलती करून, स्क्रीनला अगदी नाक लावून बघत होते.

हौदाचा सीन आला (स्विमिंग पूलला आबा हौदच म्हणाले) आणि ते म्हणाले, “हे तर च्यवन ऋषीचंच झालं की.”

मला च्यवन म्हणजे च्यवनप्राशचा डबा एवढंच माहीत. मग सिनेमा थांबवून गोष्ट ऐकली. म्हातारा च्यवन, त्याची तरुण बायको सुकन्या, देवांचे वैद्य अश्विनीकुमार. त्यांच्यासोबत ऋषी पाण्यात उतरतो आणि तरुण होऊन बाहेर येतो. म्हणजे हॉलिवूडचा हौद आपल्या महाभारतात आधीपासून आहे. (नाही, ‘आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच शोधलं होतं’ असा फॉरवर्ड मला करायचा नाही.)

पण महाभारतात ययातीही आहे. तो हौदात उतरत नाही, तो तारुण्य पोटच्या पोराकडून मागून घेतो. वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ आपल्यापैकी अनेकांच्या घरात कपाटात असते, वाचलेली असो वा नसो. आणि ही गोष्ट जुनी झाली असं वाटत असेल तर २०२३ मधली बातमी आठवा. ब्रायन जॉन्सन या अमेरिकी उद्योजकानं तरुण राहण्यासाठी आपल्या १७ वर्षांच्या मुलाच्या रक्तातला प्लाझ्मा स्वतःच्या अंगात घेतला होता. पुढं फायदा दिसत नाही म्हणून त्यानं ते थांबवलं. ययातीला निदान हजार वर्षं लागली.

दुसऱ्यांदा बघताना मला ‘ककून’मध्येही हेच दिसलं. हौदाची बातमी फुटते, सगळा वृद्धाश्रम पाण्यात उड्या टाकतो आणि पाण्यातली शक्ती संपते. कोशातला जीव मरतो. कुणीही खलनायक नाही. सगळे फक्त खूश होते, आणि ते पाणी कुणासाठी ठेवलंय हे विचारायचं राहून गेलं. असाइनमेंटमध्ये मी या सीनबद्दल एक ओळही लिहिली नव्हती.

आता माझ्या हौदाबद्दल. आबांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. ऑपरेशन परभणीला करायचं, अडचण पैशांची नाही. सोबत कुणीतरी आठवडाभर राहायला हवं, वेळेवर थेंब टाकायला हवेत. आई-बाबांना शेत, गुरं. मी म्हणाले होते, दिवाळीत येते तेव्हा करू. दिवाळीत सबमिशन निघालं. मग संक्रांत, मग परीक्षा, मग ही इंटर्नशिप. दीड वर्ष झालं. आबांनी एकदाही आठवण करून दिली नाही. उलट फोनवर विचारलं की म्हणतात, “दिसतंय की. तू तुझं बघ.” ययातीनं पोराचं तारुण्य घेतलं. आमच्या घरात पाणी उलटं वाहतंय आणि मी निवांत पोहतेय.

तुमच्या घरीही असं काही ‘पुढच्या सुट्टीत बघू’वर थांबलं असेल. गुडघा, दात, कानाचं मशीन, नाहीतर नुसतं पंढरपूरला नेणं.

सिनेमात बेन नातवाला, डेव्हिडला, मासे धरताना सांगतो की आम्ही निघालोय आणि परत येणार नाही. तो सीन अतिशय साधा आहे. पाणी, गळ, दोघं. (शेवटचा बोटींचा पाठलाग मात्र मला आजही फालतू वाटतो.) पहिल्यांदा मला डेव्हिडची दया आली होती, बिचाऱ्याला आजोबा सोडून चालले. या वेळी भाषांतर करताना मी मध्येच अडखळले. बोरीत यान म्हाताऱ्यांसाठी येत नाही. ते आमच्यासाठी येतं, परभणीहून रात्री सुटतं, त्याला ट्रॅव्हल्स म्हणतात आणि सकाळी पुण्यात उतरवतं. मीही आबांना असंच कधीतरी बांधावर बसून सांगितलं होतं, की पुण्याला अ‍ॅडमिशन झालंय.

सिनेमा संपला तेव्हा बॅटरी सहा टक्के होती. मी तो प्रश्न विचारलाच. “आबा, तुम्ही बसला असता का त्या यानात?”

आबांनी उत्तर दिलं नाही. त्यांना बर्नीची काळजी लागली होती. बर्नी म्हणजे पहिल्यापासून त्या पाण्यात उतरायला नकार देणारा म्हातारा. बायको गेल्यावर तो तिला उचलून हौदात नेतो, पण तोवर पाण्यात काही उरलेलं नसतं. सगळे मित्र यानात बसतात तेव्हाही तो मागंच राहतो.

“त्याच्यासंगं आता बोलणार कोण गं, माय?”

मी म्हटलं, “दुसरा भाग आहे आबा, १९८८ चा. त्यात ते सगळे परत येतात.”

“किती दिवसाला?”

“थोड्याच दिवसांसाठी.”

आबा अंधारात चष्मा पुसत होते. म्हणाले, “मंग दिवाळीच म्हण की.”