अपग्रेड नंतर, आधी ओ-रिंग!

गॅसवर चालणारं एअरसॉफ्ट पिस्तूल हातात आलं, की पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘याची पॉवर कशी वाढवायची?’ माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला ते पिस्तूल पूर्ण उघडून, पुसून, एकही स्क्रू हातात न उरता परत जोडता येतं, त्यालाच हा प्रश्न विचारायचा हक्क आहे. गंमत म्हणजे, ज्याला हे जमतं तो बहुतेक वेळा हा प्रश्न विचारतच नाही.

आमच्या एव्हरशाईन सिटीत अशी पिस्तुलं काही घरोघरी नाहीत. कुणाला परदेशातल्या मामाने आणून दिलेलं असतं, कुणी मित्राकडून सेकंड हँड घेतलेलं असतं. पण एखादं जरी निघालं तरी सोसायटीत लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, ‘अहो, खेळणं आहे ते!’ दुसरी म्हणते, ‘पोरगा बंदूक घेऊन गच्चीवर जातो, पोलिसांत कळवा.’ दोन्ही पार्ट्यांनी त्या पिस्तुलाच्या आत कधी डोकावलेलं नसतं. खरं तर खेळणं आणि बंदूक यांच्या मधलं जे काही आहे, ते आत डोकावल्यावरच कळतं.

आत असतं काय? मॅगझिनमध्ये दाबाखाली द्रवरूप गॅस असतो. ट्रिगर ओढला, की हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो आणि गॅसचा एक झोत सुटतो. तो 6 मिलिमीटरची प्लॅस्टिकची गोळी पुढे ढकलतो आणि स्लाइडही मागे फेकतो. नळीच्या मागच्या टोकाशी हॉप-अप नावाचं छोटंसं रबर असतं. ते गोळीला उलटी फिरकी देतं, म्हणून ती लांबपर्यंत सरळ जाते. भराभर गोळ्या झाडल्या तर मॅगझिन गार पडतं आणि दाब उतरतो, कारण द्रवाचा वायू होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो. बारावीच्या फिजिक्सचा अख्खा धडा तळहातावर! शिवाय ‘ग्रीन गॅस’ म्हणून जे विकतात ते मुख्यतः प्रोपेन असतं, त्यात थोडं सिलिकॉन तेल. म्हणजे स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा सख्खा भाऊ. शेगडीजवळ, देवघरातल्या दिव्याजवळ तो भरायचा नाही, हे कुणी वेगळं सांगायला नको. पण सांगावं लागतं, कारण डबीवरची बारीक अक्षरं वाचतो कोण?

आता वसईची हवा बघा. एका बाजूला खाडी, मिठागरं, वर चार महिने पाऊस. इथे कपाटातल्या चपलेला बुरशी येते, तिथे पिस्तुलाच्या स्प्रिंगचं काय घेऊन बसलात! गणपतीनंतर बाहेर काढलेलं पिस्तूल ‘फुस्स’ करतं, तेव्हा दहातल्या आठ वेळा दोष असतो मॅगझिनमधल्या सुकलेल्या ओ-रिंगचा. रबराची इवलीशी कडी. तिला सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो. पण घरात काय सापडतं? खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, नाहीतर गंज काढायचा स्प्रे. खनिज तेलाने रबर फुगतं, खोबरेल थंडीत गोठून बसतं. आणि तेल हॉप-अपवर गेलं, तर गोळी कुठे जाईल ते चालवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. म्हणून नळी कोरड्या कापडाने पुसायची, तेल फक्त सरकणाऱ्या भागांना आणि सीलला. मॅगझिन ठेवताना त्यात थोडा गॅस राहू द्यायचा, म्हणजे सील दबलेलं राहतं. त्यातल्या गोळ्या मात्र काढूनच ठेवायच्या. उघडण्याआधीचा क्रम तर पाठच हवा : मॅगझिन बाहेर, चेंबर रिकामं आहे ते डोळ्यांनी बघायचं, डोळ्यांवर गॉगल, तोंड भिंतीकडे. मग स्क्रू-ड्रायव्हर.

आता अपग्रेड. व्हिडिओत दिसतं मेटल स्लाइड, जड स्प्रिंग, जोरदार गॅस. दिसत नाही ते असं, की पिस्तूल म्हणजे सुट्या भागांचा ढीग नसतो, तो एक तोल असतो. अनेक जपानी पिस्तुलांची स्लाइड हलक्या प्लॅस्टिकची असते आणि ती सौम्य गॅससाठीच बनवलेली असते. कारण जपानमध्ये 2006च्या कायदादुरुस्तीपासून 6 मिलिमीटरच्या गोळीची ऊर्जा एक ज्यूलच्याही आत ठेवावी लागते. त्यात जोरदार गॅस भरला, की स्लाइडला तडा जातो. उलट, स्लाइड धातूची आणि बाकी सगळं मूळचं ठेवलं, तर ती जेमतेम हलते. एक भाग बदलला, की त्याचे शेजारीपाजारी बदलावे लागतात. म्हणून अपग्रेड करायचंच असेल तर नेम सुधारणारं करा : चांगली नळी, चांगलं हॉप-अप रबर, ताजी सील. पॉवर वाढवण्यात कौशल्य नाही, नुसता खर्च आहे. आणि समोरच्याच्या डोळ्याला धोका आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. ‘पोरांना उघडायला शिकवाल, तर ती नको ते उद्योग करतील.’ अमेरिकेत क्लीव्हलंडला 22 नोव्हेंबर 2014 रोजी तामिर राइस हा 12 वर्षांचा मुलगा बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. कुणीतरी फोन केला, पोलिसांची गाडी आली आणि काही क्षणांत त्याला गोळी घातली गेली. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या पिस्तुलाचं नारिंगी टोक, म्हणजे ‘हे खरं नाही’ असं सांगणारी एकमेव खूण, जागेवर नव्हतं. ज्या मित्राकडून ते आलं होतं, त्याने ते दुरुस्तीसाठी उघडलं होतं आणि ते टोक परत बसलंच नाही.

या घटनेतून ‘उघडूच नका’ असा धडा काढता येईल. मी उलटा काढते. अर्धवट उघडणं सगळ्यात वाईट. जोडताना प्रत्येक भाग परत जागेवर गेलाच पाहिजे, आणि नारिंगी टोक हा शोभेचा नाही, सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, हे शिकवणारं त्या मुलांजवळ कुणी नव्हतं. अर्थात गोळी चालवणाऱ्याची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. पण लांबून कुणालाच फरक कळत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून रील्ससाठी लिंक रोडवर पिस्तूल रोखणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. आपल्याकडे 2016च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअरगनला परवाना लागत नाही. एअरसॉफ्टची गोळी 6 मिलिमीटरची, तेव्हा ही सवलत आपल्यालाच आहे असं गृहीत धरू नका. आणि परवाना न लागणं म्हणजे कुणावरही रोखायची मुभा नव्हेच.

ज्यांना हा सगळा टाइमपास वाटतो, त्यांनी टोकियो आठवावं. 25 जुलै 2021. मनू भाकर 10 मीटर एअर पिस्तूलच्या पात्रता फेरीत असताना तिच्या पिस्तुलाची लिव्हर मोडली. दुरुस्ती होईपर्यंत घड्याळ थांबलं नाही. ती 575 गुणांवर बारावी आली, अंतिम फेरीत गेल्या आठ जणी. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये याच प्रकारात तिने कांस्यपदक घेतलं. या खेळात सिलिंडरची मुदत संपलेली नाही ना, हे बघणंसुद्धा खेळाडूचीच जबाबदारी असते. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचं 2018च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण असो, की कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेचं पॅरिसचं कांस्य, टीव्हीवर दिसतो तो नेम. त्यामागे रोज पुसलेलं, तपासलेलं हत्यार असतं. ते दिसत नाही, म्हणून आपण ते शिकवतही नाही.

मग करायचं काय? पोरांच्या हातातलं पिस्तूल काढून घेऊन माळ्यावर टाकलं तर प्रश्न माळ्यावर जातो, सुटत नाही. इथल्या मुलाला नेमबाजी शिकायची तर वरळीच्या रेंजपर्यंत विरार लोकलने धक्के खात जायचं, हे किती जण करणार? 10 मीटरची रेंज म्हणजे काही स्टेडियम नव्हे, एक लांबट बंदिस्त हॉल पुरतो. वसई-विरार महापालिकेने असा एक हॉल द्यावा, तिथे जाणकार प्रशिक्षक असावा आणि नेमाच्या आधी एक टेबल असावं : त्यावर कापड, सिलिकॉन तेल, स्क्रू-ड्रायव्हर आणि ओ-रिंगची डबी. पहिला महिनाभर फक्त उघडायचं आणि जोडायचं. ज्याला त्याचा कंटाळा येईल तो आपोआप घरी जाईल, आणि ते बरंच होईल. जो टिकेल, त्याला ट्रिगरला बोट कधी लावायचं नाही, हे सांगावं लागणार नाही.