एका रबरापायी कुलूप

सरकारी कचेरी असो की मल्टिप्लेक्स, स्वच्छतागृहावर ‘बंद आहे’ची पाटी दिसली की लोक समजायचे ते समजतात आणि दुसरा मजला गाठतात. आत नेमके काय बिघडले, हे कोणी विचारत नाही. अनेकदा बिघडलेले असते ते फ्लश व्हॉल्व्हमधले एक रबर.

घरच्या फ्लशला टाकी असते, याला नसते. तो थेट पाइपातल्या दाबावर चालतो. विल्यम स्लोन यांनी १९०६ मध्ये अमेरिकेत आणलेल्या व्हॉल्व्हची युक्ती आजही तीच आहे. आत रबरी पडदा, काहींत पिस्टन, आणि त्याच्यावर पाण्याने भरलेली छोटी पोकळी. दांडा दाबला की पोकळीतले पाणी निसटते, पडदा उचलला जातो, फ्लश सुटतो. मग एका बारीक छिद्रातून पोकळी पुन्हा भरते आणि पडदा खाली बसतो.

सगळा जीव त्या छिद्रात. तिथे वाळूचा कण किंवा बोअरच्या पाण्याचा क्षार अडकला, की पोकळी भरत नाही आणि फ्लश वाहतच राहतो. सेकंदाला एकच लिटर धरले तरी तासाला ३६०० लिटर. माणशी रोज १३५ लिटर या शहरी मापाने हे २६ जणांचे दिवसाचे पाणी झाले!

उपाय अर्ध्या तासाचा. बहुतेक व्हॉल्व्हना अंगचाच कॉक असतो. त्याने पाणी बंद करायचे, झाकण खोलायचे, पडदा धुवायचा. झिजला असेल तर त्याच मॉडेलचे किट बसवायचे. टाइल फोडावी लागत नाही. काही उत्साही मंडळी छिद्रात तार खुपसतात. ते रुंदावते, पोकळी लवकर भरते आणि फ्लश अर्ध्यावर तुटतो.

सगळ्यात वरच्या मजल्याचे दुखणे वेगळे. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी जेमतेम तीन मीटर वर असेल, तर चांगला व्हॉल्व्हही नुसता ठिबकल्यासारखा वाहतो. तिथे प्लंबर व्हॉल्व्हवर व्हॉल्व्ह बदलत बसतो. हवा असतो बूस्टर पंप, नाहीतर सरळ टाकीचा फ्लश.

मग पाटी महिना महिना का लटकते? सफाई एका कंत्राटदाराकडे, प्लंबिंग दुसऱ्याकडे, किटच्या खरेदीची मंजुरी तिसऱ्या टेबलावर. नव्या स्वच्छतागृहाची फीत कापायला माणसे मिळतात, रबर बदलायला सही मिळत नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ चळवळ बायकांसाठी स्वच्छ, मोफत मुताऱ्या मागते आहे. बांधून कुलूप घातलेली मुतारी त्या हिशेबात धरायची कशी?

पुढच्या निविदेत एवढे लिहावे: व्हॉल्व्हचे मॉडेल, जागेवर ठेवायच्या किटची संख्या, आणि दुरुस्ती चोवीस तासांत झाली नाही तर बिलातून कपात.