सक्तीच्या औषधाचा निर्णय तुरुंगाबाहेर व्हावा





तुरुंगातील मानसिक आरोग्याचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा मानसोपचारतज्ज्ञांच्या तुटवड्यापाशी येऊन थांबते. ती तक्रार रास्तच आहे. पण कैदी औषध नको म्हणत असताना ते त्याला बळजबरीने टोचायचे की नाही, हे कोणी ठरवायचे? या प्रश्नाकडे सहसा कोणी वळत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो १९९० मध्ये निकाली काढला. वॉल्टर हार्पर हा लुटीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला वॉशिंग्टन राज्यातला कैदी. त्याने मनोविकारावरची औषधे घेणे नाकारले, तेव्हा तीन जणांच्या समितीने ती देण्यास मंजुरी दिली. समितीत एक मानसोपचारतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ आणि खुद्द तुरुंगाचा एक वरिष्ठ अधिकारी. कैद्याला २४ तास आधी नोटीस मिळे, हजर राहता येई, साक्षीदारांना प्रश्न विचारता येत, मदतीला एक सल्लागारही मिळे. वकील मात्र नाही आणि न्यायाधीशही नाही. अपील करायचे ते तुरुंगाच्या अधीक्षकांकडे! सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयाने ही पद्धत पुरेशी ठरवली. समितीतले सदस्य त्या वेळी कैद्यावर उपचार करत नसले म्हणजे झाले, असा एकूण सूर होता.

न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मतात नेमके यावरच बोट ठेवले. हार्परच्या समितीत बसलेला डॉक्टर थोड्याच दिवसांत त्याचा उपचार करणारा डॉक्टर झाला. आज एकाने दुसऱ्याच्या निर्णयावर शिक्का मारायचा, उद्या दुसऱ्याने पहिल्याच्या. यात कोणाचा हेतू वाईट होता असे मानण्याची गरज नाही. एकाच तुरुंगात नोकरी करणाऱ्या सहकाऱ्याचे मत खोडून काढणे कोणालाही जड जाते. आणि पणाला काय लागलेले असते? या औषधांनी भ्रम ओसरतात, माणूस सावरतो, हे खरे. पण काहींच्या मागे जीभ-जबड्याच्या अनैच्छिक हालचाली कायमच्या लागतात, काहींना एका जागी बसवत नाही, क्वचित जिवावरही बेतते.

सुनावण्यांचा घोळ घातला तर आजारी कैदी तडफडत राहील आणि इतरांना धोका होईल, हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर अमेरिकेतच सापडते. कॅलिफोर्नियात अशा कैद्याची सुनावणी तुरुंग खात्याबाहेरच्या प्रशासकीय न्यायाधीशापुढे होते, त्याला वकील दिला जातो, आणि आणीबाणीत ७२ तास औषध देण्याची मुभा डॉक्टरांना असते. म्हणजे तातडीचा उपचारही अडत नाही आणि कैद्याचा हक्कही बुडत नाही.

आपला मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. कलम ९४ मध्ये ७२ तासांच्या तातडीच्या उपचाराची तरतूद आहे. बाहेरच्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल केले, तर या कायद्याखालच्या पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते आणि मंडळाकडे दादही मागता येते. कैद्यांसाठीचे कलम १०३ मात्र मुख्यतः आजारी कैद्याला कुठे ठेवायचे याविषयी बोलते. तुरुंगातल्याच मानसोपचार कक्षात हलवले की त्या कलमाची पूर्तता झाली. औषध नाकारणाऱ्या कैद्यासाठी स्वतंत्र सुनावणीची पायरी त्यात नाही. संमतीचे सर्वसाधारण नियम त्याला लागू असले, तरी कोठडीत दाद कोणाकडे आणि कशी मागायची?

२०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका कैद्याची फाशी, शिक्षेनंतर जडलेल्या गंभीर मनोविकारामुळे रद्द केली आणि या कायद्याखालील त्याचे हक्क तपासून देण्यास राज्याला सांगितले. असे हक्क इतर कैद्यांनाही आहेतच.

म्हणून राज्य सरकारने नियम करून तीन गोष्टी कराव्यात. तातडीचे ७२ तास संपले की सक्तीचे औषध पुनर्विलोकन मंडळाच्या मंजुरीशिवाय चालू ठेवू नये. सुनावणीत कैद्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील द्यावा. आणि तुरुंगाचे वैद्यकीय अधिकारी दर तीन महिन्यांनी मंडळाला जो अहवाल पाठवतात, त्यात किती कैद्यांना इच्छेविरुद्ध औषध दिले, कोणत्या कारणाने आणि किती दिवस, याचा रकाना असावा.

— एक वाचक