संघ रोबोचा, खर्च कोणाचा?

शाळेत रोबोटिक्सचा संघ काढायचे ठरले की पहिली बैठक बहुतेक वेळा किट कोणते घ्यायचे यावर होते. विक्रेत्याचे रंगीत माहितीपत्रक टेबलावर येते, किंमत पाहून मुख्याध्यापक गप्प होतात आणि मग कोणीतरी सोपा तोडगा सुचवतो : इच्छुक विद्यार्थ्यांच्या पालकांकडून पैसे घ्या. सूचना निघते, पैसे जमा होतात, संघ तयार होतो. यंत्रे खोलून पाहायची हौस असलेली मुले आणि फी भरू शकणारी मुले या दोन याद्या सारख्या नसतात, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. संघाचा खर्च कसा भागवायचा हा वरवर हिशेबाचा प्रश्न वाटतो, पण संघात कोण असणार हे त्याच्या उत्तरावरच ठरते.

शालेय रोबो स्पर्धांमध्ये ‘फर्स्ट’ या अमेरिकी संस्थेचे नाव मोठे आहे. औषध थोडे थोडे शरीरात सोडणारा, अंगावर बाळगता येणारा पंप तयार करणारे संशोधक डीन केमन यांनी ती १९८९ मध्ये स्थापन केली. १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या क्रीडागृहात २८ संघांची पहिली स्पर्धा झाली. दरवर्षी जानेवारीच्या सुरुवातीला नवा खेळ जाहीर होतो आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत संघांना तो खेळू शकणारा रोबो उभा करावा लागतो. मैदानात तीन संघ एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. आजचा प्रतिस्पर्धी पुढच्या फेरीत आपल्याच बाजूने खेळू शकतो. विशेष म्हणजे या स्पर्धेतला सर्वोच्च सन्मान सामना जिंकणाऱ्या रोबोला मिळत नाही. आपल्या गावात, समाजात विज्ञानाची गोडी लावण्यासाठी सर्वाधिक काम करणाऱ्या संघाला तो दिला जातो.

या स्पर्धेची नुसती नोंदणीच सहा हजार डॉलरच्या घरात, म्हणजे पाच लाख रुपयांहून अधिक आहे. प्रवास आणि सुटे भाग वेगळे. नव्या संघाने इथून सुरुवात करण्याची काहीच गरज नाही. काळ्या पट्टीवरून चालणारा छोटा रोबो आर्डुइनो बोर्ड, दोन मोटर, इन्फ्रारेड सेन्सर आणि बॅटरी यांच्या मदतीने दोन-तीन हजार रुपयांत उभा राहतो. जुन्या प्रिंटरमधली मोटर भंगारवाल्याकडे मिळते. आंतरशालेय, जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांत दोन वर्षे हात बसल्यावर मोठ्या मैदानाचा विचार करता येतो.

कमी पैशांत काय होऊ शकते याचे गाजलेले उदाहरण ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरातील कार्ल हेडन या सरकारी शाळेचे आहे. २००४ मध्ये तिथल्या चार मुलांनी पाण्याखाली चालणाऱ्या रोबोंच्या स्पर्धेत विद्यापीठांच्या गटात नाव नोंदवले. चौघेही मेक्सिकोतून आलेल्या, कागदपत्रे नसलेल्या कुटुंबांतले. त्यांच्या रोबोचा सांगाडा प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपांचा होता आणि त्यासाठी त्यांनी जमवलेली रक्कम सुमारे ८०० डॉलर होती. स्पर्धेच्या ठिकाणी रोबोच्या पेटीत पाणी शिरू लागले, तेव्हा त्यांनी ते शोषून घेण्यासाठी आत टॅम्पॉन बसवले. या संघाने एकूण गुणांत पहिला क्रमांक मिळवला. एमआयटीचा संघ दुसरा आला. या कथेवर पुढे ‘स्पेअर पार्ट्स’ हा चित्रपटही निघाला.

ही गोष्ट सांगताना पाइपांचा उल्लेख सगळे करतात, शिक्षकांचा कमी होतो. ॲलन कॅमेरॉन आणि फ्रेडी लाजवर्दी हे दोन शिक्षक शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी मुलांबरोबर राबत होते. पाइप स्वस्त होते. या दोघांचा वेळ मोलाचा होता. म्हणून ‘गरिबीतूनही यश मिळते’ एवढाच धडा घेऊन शाळांनी हात झटकू नयेत. वस्तूंवरचा खर्च कमी करता येतो, माणसांवरचा नाही.

आपल्याकडे नेमका उलटा क्रम दिसतो. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनमधून सुमारे १० हजार शाळांत अटल टिंकरिंग लॅब उभ्या राहिल्या. त्यासाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान ठरले होते. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. ही गुंतवणूक स्वागतार्हच आहे. पण शिकवणाऱ्याचा तास वेळापत्रकात नसेल आणि मोडलेल्या मोटरचा जाब शिक्षकालाच द्यावा लागणार असेल, तर कपाटाला कुलूप लागते. मोडतोड हा शिकण्याचा खर्च आहे, हे अंदाजपत्रकातच लिहून ठेवले पाहिजे.

मग पैसा आणायचा कुठून? वर्गणी म्हणजे काय हे महाराष्ट्राला शिकवावे लागत नाही. गल्लीतल्या गणेश मंडळाची मुले पावतीपुस्तक घेऊन दारोदार जातात, शंभर रुपये देणारा आणि हजार देणारा दोघांचीही पावती फाडतात आणि चांगली मंडळे जमाखर्च फलकावर लावतात. संघालाही हीच रीत लागू पडते. मुलांनी एका पानावर लिहावे : काय बनवणार, किती लागणार, उरले तर काय करणार. ते घेऊन माजी विद्यार्थी, व्यापारी, एमआयडीसीतले छोटे कारखानदार यांच्याकडे जावे. कारखानदाराने पैसे दिले नाहीत तरी ॲल्युमिनियमचे तुकडे आणि लेथवरचा एक तास दिला तरी पुष्कळ झाले. जवळच्या आयटीआयमधला निदेशक शनिवारी दोन तास आला, तर महागड्या किटपेक्षा त्याचा उपयोग अधिक.

मोठ्या कंपन्यांचा मार्गही खुला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करायची असते. त्यात शिक्षण येते आणि कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. खासगी शिक्षण संस्थेमार्फत हा पैसा यायचा तर तिच्याकडे १२ए, ८०जी आणि सीएसआर-१ या नोंदण्या लागतात. हे काम जूनपूर्वी उरकलेले बरे. स्पर्धा तोंडावर आल्यावर कागद हलत नाहीत.

दोन आक्षेप रास्त आहेत. शाळेत पुरेशा परीक्षानळ्या नसताना रोबो कशाला, हा पहिला. म्हणूनच संघाची साधने शाळेची असावीत आणि भौतिकशास्त्राच्या तासालाही वापरली जावीत. दुसरा आक्षेप दहावीचा. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि मोठ्या स्पर्धांचा हंगामही नेमका तेव्हाच असतो. त्यामुळे आठवी, नववी आणि अकरावीच्या मुलांवर संघ उभा करावा. दहावीतल्यांनी दिवाळीपर्यंत धाकट्यांना शिकवावे. त्यामुळे संघ एका तुकडीबरोबर संपतही नाही.

काही नियम पहिल्याच दिवशी लिहून ठेवावेत. संघातल्या जागेसाठी कोणत्याही मुलाकडून पैसे घेऊ नयेत. ज्या पालकांना द्यायचे असतील त्यांनी संघाच्या खात्यात द्यावेत, आपल्या मुलाच्या नावाने नव्हे. जमलेल्या रकमेतला काही भाग दुसऱ्या वर्षासाठी राखावा. डोळ्यांचे संरक्षक चष्मे आणि लिथियम बॅटरीचा योग्य चार्जर यांवर काटकसर करू नये; फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. आणि सराव शाळा सुटल्यावर लगेच असावा, रात्री नव्हे. शेवटची एसटी पकडणारी मुले आणि अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचावे लागणाऱ्या मुली यांच्यासाठी रात्रीचा सराव ही न दिसणारी फीच असते.

रोबो पहिल्या फेरीत बंद पडला तरी बिघडत नाही, तो पुढच्या वर्षी दुरुस्त होतो. घरचा मिक्सर खोलून पुन्हा जोडणारी आठवीतली मुलगी पैशांअभावी यादीत आलीच नाही, तर ती चूक पुढच्या वर्षी दुरुस्त होईल याची खात्री नसते. शाळेने पहिल्या बैठकीत किटच्या माहितीपत्रकाआधी ही यादी टेबलावर ठेवावी.