वाईट करार कोणाचा?

(द्वितीय वर्ष, कला)

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेजर ध्यानचंद उभे राहतात. मला ज्या हॉकीविषयी लिहावयाचे आहे ती निराळी. ती बर्फावर, पात्यांचे बूट घालून खेळतात आणि चेंडूच्या जागी रबराची काळी चकती असते. अमेरिका व कॅनडा या देशांतील 32 संघांची नॅशनल हॉकी लीग ही तिची सर्वांत मोठी स्पर्धा. बर्फ म्हणून मी पाहिला तो उसाच्या रसाच्या गाड्यावर. तेव्हा 'ही आता बर्फावरच्या हॉकीवर लिहिणार!' असे म्हणून कोणी हसले तर ते स्वाभाविकच आहे. वसतिगृहातल्या मैत्रिणी हसून झाल्याच आहेत.

निमित्त घडले ते अर्थशास्त्राच्या तासाचे. 'कमाल किंमत' हा भाग शिकवून झाल्यावर सरांनी पुस्तकाबाहेरचे उदाहरण आणावयास सांगितले. वर्गाने रेशनची साखर आणली, घरभाडे आणले. माझा धाकटा भाऊ मोबाइलवर नाना देशांचे खेळ पाहत असतो. तो म्हणाला, "ताई, तिकडे खेळाडूंच्या पगारालाच मर्यादा आहे." मी वाचू लागले. उदाहरण देऊन झाले, सरांची शाबासकीही मिळाली. पण वाचताना वारंवार भेटलेला एक शब्दप्रयोग काही मनातून जाईना. तो म्हणजे 'वाईट करार'.

आधी मर्यादेचे सांगते. 2004-05 चा सबंध हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या भांडणात बुडाला. मालकांनी टाळेबंदी केली आणि त्या वर्षी स्टॅनली चषक कोणालाच मिळाला नाही. तोडगा निघाला तो असा, की कोणत्याही संघाने खेळाडूंच्या पगारावर वर्षाला ठरावीक रकमेपेक्षा अधिक खर्च करावयाचा नाही. 2005-06 साली ही रक्कम 3 कोटी 90 लाख डॉलर होती. लीगचे उत्पन्न वाढत गेले तशी तीही वाढत गेली आणि 2019-20 मध्ये 8 कोटी 15 लाखांवर पोहोचली. याच्या जोडीला एक किमान मर्यादाही आहे, म्हणजे अमुक रकमेपेक्षा कमी खर्चही चालत नाही. या व्यवस्थेच्या विरुद्ध मी नाही. पूर्वी श्रीमंत शहरांचे संघ चांगले खेळाडू पैशाच्या जोरावर ओढून नेत. कॅनडातील क्यूबेक शहराचा संघ 1995 साली आणि विनिपेगचा 1996 साली अमेरिकेत गेला, त्याच्या मागे पैशाचेच कारण होते. लहान गावाला संघ टिकवता यावा ही इच्छा माझ्यासारख्या लहान गावच्या मुलीला गैर कशी वाटेल?

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे सामने थांबले. पुढे उन्हाळ्यात टोरांटो आणि एडमंटन येथे प्रेक्षकांवाचून हंगाम पुरा करण्यात आला. तिकिटे नाहीत म्हणजे उत्पन्न नाही. खेळाडूंचा वाटा उत्पन्नाच्या निम्मा असा करार असल्याने त्यांना ठरल्यापेक्षा जास्त पैसे गेले आहेत, असा हिशेब निघाला आणि तो फिटेपर्यंत मर्यादा जवळजवळ गोठवण्यात आली. तीन हंगाम 8 कोटी 15 लाख. मग वर्षाला 10 लाखांची वाढ. 2024-25 मध्ये ती 8 कोटी 80 लाख झाली, तेव्हा कोठे संघांना मोकळा श्वास घेता आला. 2025-26 साठी ती 9 कोटी 55 लाखांवर गेली.

संघांनी सात-सात, आठ-आठ वर्षांचे करार करून ठेवले होते ते मर्यादा दरवर्षी वाढणार या भरवशावर. आज 60 लाख जड वाटले तरी चार वर्षांनी हलके वाटतील, हा हिशेब. मर्यादा जागच्या जागी राहिली आणि सगळ्यांचे हिशेब एकदम चुकले. नव्या खेळाडूला घ्यावयाचे तर जुन्याला घालवणे आले. पण जुन्याचा पगार पेलण्याइतकी जागा दुसऱ्याकडेही नाही. मग त्याच्याबरोबर वर काहीतरी द्यावयाचे. हे 'वर काहीतरी' म्हणजे नवोदित खेळाडू निवडण्याचा हक्क. दरवर्षी उमेदीच्या मुलांची निवड होते, त्यात फेऱ्या असतात आणि पहिल्या दोन फेऱ्यांतले हक्क फार मोलाचे. म्हणजे पूर्वी माणूस देऊन मोबदला घेत, या काळात माणूस नेण्याबद्दल मोबदला देऊ लागले. आणि समोरून काय घेतले, तर कागदावर लिहावयाचे, 'भविष्यातील विचार'. सौद्याला दोन बाजू लागतात म्हणून हा शब्द. त्याचा व्यवहारातला अर्थ जवळपास शून्य!

शेन गॉस्टिसबेअर हा फिलाडेल्फियाचा बचावपटू. वर्षाला 45 लाख डॉलर. मार्च 2021 मध्ये संघाने त्याला सर्वांसाठी खुला केला. बाकीच्या 30 संघांपैकी कोणीही एक पैसा न देता, फक्त त्याचा करार पत्करून त्याला नेऊ शकत होता. कोणी नेला नाही. जुलैमध्ये फिलाडेल्फियाने दुसऱ्या आणि सातव्या फेरीचे हक्क वर देऊन त्याला अ‍ॅरिझोनाला पाठवला. तेथे पुढच्याच हंगामात त्याने सर्वच्या सर्व 82 सामने खेळून 14 गोल केले आणि 37 गोलांना साहाय्य केले. करार तोच, रक्कम तीच. मग वाईट काय होते?

शॉन मोनाहनचे उदाहरण मला अधिक लागले. कॅलगरीने 2013 साली त्याला सहाव्या क्रमांकावर निवडला. 2016 साली सात वर्षांचा करार झाला, वर्षाला 63 लाख 75 हजार. 2018-19 मध्ये त्याने 34 गोल केले. पुढे कमरेच्या सांध्यांनी दगा दिला, शस्त्रक्रिया झाल्या, आणि 2021-22 मध्ये गोल झाले फक्त आठ. ऑगस्ट 2022 मध्ये कॅलगरीला नाझेम काद्री हा खेळाडू घ्यावयाचा होता. त्याच दिवशी मोनाहन आणि त्याच्यासोबत पहिल्या फेरीचा एक सशर्त हक्क मॉन्ट्रियलला देण्यात आला. मोबदला? भविष्यातील विचार. हे शरीर झिजले ते कॅलगरीचाच गणवेश घालून, हे त्या सौद्याच्या कागदावर कोठेही लिहावे लागत नाही. मॉन्ट्रियलने पुढे त्याच्याशी 20 लाखांहून कमी रकमेचा नवा करार केला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये त्याला विनिपेगला देऊन आणखी एक पहिल्या फेरीचा हक्क मिळवला. एकच माणूस, त्याला घेताना एक हक्क मिळाला आणि देतानाही एक. 2025 साली चिकाटी आणि खेळावरील निष्ठा यांसाठी दिला जाणारा मास्टरटन पुरस्कार त्यालाच मिळाला.

सुटीत हे सगळे मी घरी सांगत होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे मी काय शिकते याची चौकशी आबा मनापासून करतात. ते बाजार समितीत हमाली करतात. त्यांनी विचारले, "त्याला वर्षाला किती मिळत होते म्हणालीस?" मी आकडा रुपयांत करून सांगितला. ते म्हणाले, "मग रडतो कशाला?"

या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते आणि आजही ते पुरते आहे असे नाही. कोट्यधीश खेळाडूंसाठी अश्रू ढाळावेत असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप आहे तो शब्दाला. करार दोघांचा असतो. रक्कम मान्य करणारा, मुदत ठरवणारा, सही करणारा व्यवस्थापक असतो. मर्यादा वाढेल हा अंदाज खेळाडूचा नव्हे, त्याचा. अंदाज चुकला की मात्र 'वाईट' हे विशेषण खेळाडूच्या नावामागे चिकटते. हे मी आबांना पुन्हा समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे व्यापारी भाव चढेल म्हणून कांदा भरतो, भाव पडला की म्हणतो कांदाच खराब होता." याहून नेमके मला सांगता आले नसते.

या नको असलेल्या करारांचे गोदाम म्हणजे अ‍ॅरिझोनाचा संघ. हाच तो 1996 साली विनिपेगहून निघालेला! त्याला पैशाची सदाचीच ओढ. पण किमान मर्यादा तर गाठावयाची. मग त्याने युक्ती काढली: जे खेळाडू आता खेळतच नाहीत त्यांचे करार घ्यावयाचे. खर्च वहीत दिसतो, खिशातून फारसा जात नाही, कारण जखमी खेळाडूच्या पगाराचा मोठा भाग कित्येकदा विमा उचलतो. आणि वर निवडीचे हक्क मिळतात. पावेल दात्स्युक 2016 साली रशियाला परत गेला होता, तरी त्याचे वर्षाचे 75 लाख अ‍ॅरिझोनाच्या वहीत. क्रिस प्राँगरची कथा तर एखाद्या प्रहसनात शोभावी. डोळ्याच्या व डोक्याच्या दुखापतीमुळे नोव्हेंबर 2011 नंतर तो एकही सामना खेळला नव्हता. 2015 च्या जूनमध्ये त्याचा करार फिलाडेल्फियाने अ‍ॅरिझोनाला दिला, त्या वेळी तो स्वतः लीगच्या खेळाडू-सुरक्षा विभागात नोकरी करीत होता. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॉकीच्या कीर्तिमंदिरात त्याचा समावेश झाला. म्हणजे कागदोपत्री एका संघाचा चालू खेळाडू कीर्तिमंदिरात दाखल! ही युक्ती कोरोनाच्या आधीची. गोठलेल्या मर्यादेच्या वर्षांत तिला बरकत आली. एवढे करूनही तो संघ तगला नाही. अखेरची दोन वर्षे एका विद्यापीठाच्या पाच हजारांहून कमी आसनांच्या सभागृहात खेळून 2024 साली तो युटा राज्यात गेला. लहानांना जगवण्यासाठी केलेला नियम आणि त्याच नियमाच्या फटीत जगू पाहणारा लहान संघ. या प्रकाराला दोष कोणाला द्यावा, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

दोष ठरवता येतो तो वागणुकीत. मार्क-आंद्रे फ्लुरी हा व्हेगासचा गोलरक्षक. जून 2021 मध्ये लीगमधील सर्वोत्तम गोलरक्षकाचा वेझिना पुरस्कार त्याला मिळाला. जुलैमध्ये 70 लाखांची जागा मोकळी करण्यासाठी व्हेगासने त्याला शिकागोला देऊन टाकले. संघाकडून त्याला काहीच कळवलेले नाही, असे त्याच्या प्रतिनिधीने त्या दिवशी जाहीरपणे लिहिले. येवगेनी दादोनोवच्या बाबतीत तर कळस झाला. आपल्याला कोणत्या दहा संघांकडे पाठवू नये याची यादी देण्याचा हक्क त्याच्या करारात होता आणि तिच्यात अ‍ॅनाहाइमचे नाव होते. मार्च 2022 मध्ये व्हेगासने त्याला नेमके अ‍ॅनाहाइमलाच देऊन टाकले! लीगने दोन दिवसांनी सौदा रद्द केला, आणि ज्यांना तो नको होता त्यांच्याच बाजूने तो पुन्हा खेळू लागला. त्या दिवशी कपडे बदलण्याच्या खोलीत त्याने कोणाकडे कसे पाहिले असेल?

याच व्हेगासने पुढे मॅक्स पॅचिओरेटीलाही 'भविष्यातील विचारां'वर सोडले आणि 2023 साली स्टॅनली चषक जिंकला. माझे मित्र म्हणतील, झाले ना सिद्ध! चषक जिंकला हे खरे. पण त्यामुळे फ्लुरीला आधी सांगण्याची गरज नव्हती असे कसे सिद्ध होते?

मला विचाराल तर, ज्या संघाने करार केला त्याने खेळाडू दुसरीकडे पाठवताना पगाराच्या आकड्याचा निदान चौथा हिस्सा स्वतःच्या वहीत ठेवलाच पाहिजे. आजच्या नियमांत निम्म्यापर्यंत हिस्सा ठेवण्याची मुभा आहे, पण ती ऐच्छिक. ती सक्तीची करावी. सही करणाऱ्याच्या वहीत त्याची सही दिसत राहील. आता मर्यादा भराभर वाढू लागली आहे, सगळ्यांकडे जागा आहे आणि व्यवस्थापक पुन्हा लांब मुदतीचे करार करीत आहेत. असा नियम करण्याची वेळ हीच आहे. कारण अडचण सुरू झाल्यावर कोणी मान्य करणार नाही.

जाता जाता पॅट्रिक मार्लोविषयी. कोरोनाच्या आदल्या वर्षी, जून 2019 मध्ये, त्याचे 62 लाख 50 हजार वहीतून काढण्यासाठी टोरांटोने पहिल्या फेरीचा हक्क वर देऊन त्याला कॅरोलायनाकडे पाठवले. कॅरोलायनाने काही दिवसांतच पैसे देऊन त्याचा करार संपवला. त्या हक्कावर त्यांना पुढे सेथ जार्विस हा उत्तम खेळाडू मिळाला. मार्लो आपल्या जुन्या सॅन होझे संघात परतला, वर्षाला 7 लाख डॉलर या त्या वेळच्या किमान पगारावर. 19 एप्रिल 2021 रोजी, व्हेगासच्याच बर्फावर, तो आपला 1,768 वा सामना खेळला आणि गॉर्डी हाउ यांचा 1980 पासूनचा विक्रम मोडला. हे ऐकल्यावर आबांनी विचारले, "वय किती होते?" मी म्हटले, "एकेचाळीस." आबांचे एकेचाळिसावे वर्ष मला चांगले आठवते, त्या वर्षी मी आठवीत होते, आणि पाठ धरली म्हणून ते प्रथमच आठ दिवस कामाला गेले नव्हते.