सोलरची लाट ओसरल्यावर कोण टिकणार? सीमेवरच्या पोरांसाठी साधा हिशेब

कोरगाव : इथून किरणपाणीचा पूल ओलांडला की आरोंदा, म्हणजे महाराष्ट्र. भाषा तीच, सोयरीक तीच, बाजारही बराचसा तोच. वीज मात्र नदीपाशी बदलते. अलीकडे गोव्याचं वीज खातं, पलीकडे महावितरण आणि घाट चढून खानापूर-बेळगावला गेलं की हेस्कॉम. सोलरमध्ये करिअर करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या मुलांनी आधी हे लक्षात घ्यावं, कारण त्यांचं गिऱ्हाईक तिन्हीकडे आहे आणि नियम मात्र तीन वेगवेगळे.

सध्या या धंद्याला जोर आहे तो सरकारी योजनांमुळे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर योजना आणली. उद्दिष्ट १ कोटी घरांचं, तरतूद ७५,०२१ कोटी रुपयांची. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे घरमालकाला जास्तीत जास्त ७८ हजार अनुदान. महाराष्ट्रात याच्या जोडीला 'मागेल त्याला सौर कृषी पंप' आहे. तिथे शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के) आणि बाकीचं सरकार बघतं. सप्टेंबर २०२५ पासून सोलर साहित्यावरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. साहजिकच बसवणारे हात सगळ्यांनाच हवे आहेत.

पण सूर्यघरचं १ कोटीचं उद्दिष्ट २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंतचं आहे. पुढे मुदत वाढेल, न वाढेल. आज पॅनेल उचलून छपरावर चढवणाऱ्या पोराने स्वतःला विचारावं, अनुदान थांबलं तर माझ्या हातात काय राहणार?

डिचोलीने हे पाहिलंय

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. २०१२ मध्ये गोव्यातला खाण व्यवसाय बंद पडला, पुन्हा सुरू झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर १६ मार्च २०१८ पासून परत थांबला. डिचोली-सत्तरीत कर्ज काढून ट्रक घेतलेल्यांचं काय झालं ते सांगायला नको. ज्याच्या हातात मेकॅनिकचं किंवा वेल्डिंगचं काम होतं, त्याला निदान दुसरीकडे जाता आलं. खाण आणि सोलर एक नव्हे, हे कबूल. पण वरच्या एका निर्णयावर चालणारी कमाई आणि हातातला हुन्नर यांतला फरक दोन्हीकडे सारखाच.

बसवणं एकदाच, देखभाल वर्षानुवर्षं

पॅनेलच्या कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची असते. इन्व्हर्टर त्याआधीच बदलावा लागतो. सूर्यघरमध्ये पाच वर्षांची देखभाल बसवणाऱ्यावर बंधनकारक आहे, कृषी पंपांनाही पाच वर्षांची हमी आहे. त्यानंतर कोण? गावातला माणूस. एका घरावर बसवण्याचं काम दोन-तीन दिवसांत संपतं, पण ते घर पुढची वीस वर्षं गिऱ्हाईक राहू शकतं.

त्यातून आपली किनारपट्टी म्हणजे खारा वारा. साधे नट-बोल्ट काही वर्षांत गंजतात, गॅल्व्हनाइज्ड सांगाडा आणि स्टेनलेस बोल्टच लागतात. वर माडाची सावली, मंगळुरी कौलं, वीज पडण्याची भीती, चार महिने पाऊस. एक किलोवॉटमागे उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट धरतात, पण जून ते सप्टेंबर हा आकडा चांगलाच खाली येतो. हे आधी स्पष्ट सांगणारा माणूस आपल्याकडे टिकेल. बारा महिने बिल शून्य असं सांगून ऑर्डर घेणारा पहिल्या पावसाळ्यात तोंड लपवत फिरेल.

गिऱ्हाईक कुठे आहे?

गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्राच्या मानाने बरीच स्वस्त. त्यामुळे कोरगावातल्या घरमालकाचे पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात, सावंतवाडीकडच्या जास्त बिलवाल्याचे लवकर होतात. इकडे हरमल-मांद्रे पट्ट्यातली हॉटेलं, गेस्ट हाऊस आहेत. त्यांना घरगुती अनुदान नाही, पण त्यांचा दर व्यावसायिक असतो आणि एसी दिवसभर चालतात. हिशेब मांडून दाखवता आला तर तेही गिऱ्हाईकच. म्हणून या धंद्यात फक्त आयटीआयवाल्यांना जागा आहे असं नाही. बँकेची फाइल, पोर्टलवरचे अर्ज, नेट मीटरची कागदपत्रं, जीएसटी, हे सगळं बीकॉम झालेल्या मुला-मुलींचं काम आहे.

शिकायचं काय?

आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड हा सगळ्यात भक्कम पाया. सोलर टेक्निशियन हा वेगळा एक वर्षाचा ट्रेडही आहे. केंद्राचा 'सूर्यमित्र' हा ६०० तासांचा अभ्यासक्रम २०१५ पासून आहे. मात्र प्रमाणपत्र आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी. वायरमन, सुपरवायझर, कंत्राटदार हे परवाने राज्याची यंत्रणा देते, आणि योजनेतलं काम घ्यायला वीज कंपनीकडे नोंदणी लागते. परवाना नसेल तर दुसऱ्याच्या नावावर रोजंदारी करावी लागते. सीमेवर राहणाऱ्याने दोन्ही राज्यांत काय लागतं याची चौकशी कामाच्या पहिल्या वर्षातच करून ठेवावी.

नोकरी धरताना तीन गोष्टी विचारा. छपरावर चढताना सेफ्टी बेल्ट देणार का? विमा काढला आहे का? इन्व्हर्टर आणि मीटरचं काम शिकवणार, की फक्त पॅनेल उचलायला लावणार? ऊन आहे तोवर पॅनेलमधली वीज चालूच असते, घरचा मेन स्विच पाडला तरी. तिथे अंदाजाने काम चालत नाही.

सरकारी नोकरीची वाट बघण्यात आपल्याकडे पंचविशी कधी उलटते ते कळत नाही. सोलर हा त्यावरचा जादूचा उपाय नव्हे. पण अनुदान सुरू आहे तोवरच्या दोन-तीन वर्षांत जो दुसऱ्याच्या पैशाने काम शिकून परवाना स्वतःच्या नावावर करील, त्याला पुलाच्या दोन्ही बाजूंनी फोन येत राहतील.